आधी काय बदलायचं

"झालं काका, काढा हेडफोन," ती मुलगी दार उघडून म्हणाली, तेव्हा तुनुई हातात बटण धरून तपासणी सुरू व्हायची वाट बघत बसला होता. म्हणजे सुरुवातीचे चार-पाच आवाज त्याने ऐकले होते, घुमे, पोटातून आल्यासारखे, आणि प्रत्येकाला इमानदारीत बटण दाबलं होतं. मग मध्ये जरा सुट्टी पडली. त्याला वाटलं, पोरगी नवीन आहे, कॉम्प्युटर अडला असेल, खुडबुड करत असेल. तो आपला निवांत बसला. तपासणीच्या गाडीतल्या त्या खोक्यात ऊब होती, बाहेर जुलैचं, इथल्या ऐन हिवाळ्यातलं धुकं मिलच्या फाटकाशी असं बसलं होतं की ओंडक्यांचे ट्रक दिवसाउजेडी दिवे लावून आत येत होते. घाई कुणाला होती? ती सुट्टी म्हणजेच तपासणी होती, हे त्याला कागद हातात पडल्यावर कळलं. कागदावर एक रेघ होती. डावीकडून बरी चालत आलेली, आणि मध्यावरून जिना उतरावा तशी खाली खाली गेलेली. मुलीने बोट ठेवून दाखवलं, "इथून पुढचं तुम्हाला फार कमी येतंय. वरचे आवाज. उजव्या कानाचं जास्त. बायकांचं, पोरांचं बोलणं पुसट येतं का?" तो म्हणाला, नाही बुवा. "घरी विचारा एकदा," ती म्हणाली, "ज्याचं जातं त्याला कळत नाही." मग तिने कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं आणि जरा वेळाने म्हणाली, "पण गेल्या वर्षीचा कागद चांगलाय की तुमचा. त्याच्या आधीचाही. एका वर्षात एवढं कुणाचं जात नाही हो." तुनुईने कागदाची चार घड्यांची पुडी केली आणि खिशात घातली, जिथे दुसऱ्या एका कागदाची पुडी दोन महिन्यांपासून होती.

उत्तर त्याला सुचलं ते करवतीपाशी उभा राहिल्यावर. इतकी वर्षं तपासायला यायची ती पांढऱ्या केसांची नर्स खोक्याच्या काचेपलीकडे समोर बसायची आणि हाताने एक बटण फिरवायची. फिरवताना तिचं कोपर किंचित उचललं जायचं. तुनुई त्या कोपराकडे बघायचा. कोपर उचललं की आवाज येतो, आवाज आला की दाबायचं. फसवायचं मनातसुद्धा नव्हतं. मिळून गाणाऱ्या माणसाला ही सवयच असते. चर्चमध्ये तेपाएरू मावशीची हनुवटी वर गेली की सगळ्या बायका श्वास घ्यायच्या, आणि तिची हनुवटी खाली आली की मागच्या बाकांवरचे पुरुष छातीतून हुंकार सोडायचे, त्यासाठी कुणाला काही ऐकावं लागायचं नाही. तसंच ते कोपर. या वर्षी पोरगी पाठ करून बसली आणि पितळ उघडं पडलं. कधीपासून तो नुसतं कोपरच ऐकत होता, कुणास ठाऊक. ही गोष्ट हसण्यासारखी होती, आणि सांगायला कुणी असतं तर तो हसलाही असता. पण करवत सुरू झाली आणि त्याचा हात आपोआप वर गेला, उजव्या कानावरचं झाकण मागे सरकवायला. तो हात त्याने अर्ध्यावर थांबवला. पंचवीस वर्षं तो हेच करत आला होता. फोरमन ओरडला की झाकण कानावर, फोरमनची पाठ वळली की मागे. करवत बोलते, असं तो म्हणायचा. पातं गरम व्हायच्या आधी तिचा सूर बदलतो, गाठ लागायच्या आधी ती कुरकुरते, आणि ते झाकणातून येत नाही. मिलमध्ये कुणाला शंका आली की म्हणायचे, तुनुईला विचारा, त्याचा कान आहे. कान आहे! त्या कानाचा त्याला इतका माज होता की त्याने तो चार चार तास उघडा ठेवून करवतीच्या तोंडी दिला. मिलने झाकणं दिली होती. घालायला सांगितलं होतं. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, आणि हीच गोष्ट त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त खुपली.

खिशातला दुसरा कागद म्हणजे यादी होती. नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून मिल त्याला एक वस्तू भेट देणार होती, त्याच्या पसंतीची, पण एकच. कुणी घड्याळ घेतं, कुणी मासेमारीचा गळ. तुनुईने सांगितलं होतं, गॅरेजसाठी काहीतरी घेईन. गॅरेज म्हणजे त्याचा स्टुडिओ. गाडी बाहेर दवात उभी असायची आणि आत एक टेबल, जुना कॉम्प्युटर, एक स्वस्तातला माइक, माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये बसणारी दिव्यांची एक छोटी पेटी, दोन स्पीकर, आणि भिंतींवर गोधड्या. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून काहीतरी जाड टांगावं लागतं. तेपाएरू मावशीने आपल्या हाताने शिवलेल्या तीन गोधड्या दिल्या होत्या, मोठ्या पानाफुलांच्या. त्यातली निळी तिने स्वतःसाठी शिवलेली होती. ही मंडळी ज्या आतिऊ बेटावरून आली तिथल्या रीतीप्रमाणे माणूस गेलं की त्याला गोधडीत गुंडाळून मातीत ठेवतात, आणि मावशीला दुसऱ्या कुणाचे टाके अंगाभोवती नको होते. "लागेल तेव्हा काढून नेईन," ती म्हणाली होती, "तोवर तुझ्या भिंतीला तरी थंडी वाजू नये." तर यादीत चार गोष्टी होत्या: माइक, स्पीकर, पेटी, भिंती. आधी काय बदलायचं? इंटरनेटवर जाणती मंडळी रोज यावर भांडत होती. एक म्हणायचा, आधी खोली सुधार, कारण माइक खोलीच ऐकतो. दुसरा म्हणायचा, आधी स्पीकर, कारण जे ऐकू येत नाही ते सुधारणार कसं? हे वाक्य तुनुईला फार पटलं होतं. त्याने ते आकाइतीलाही वाचून दाखवलं होतं, आपल्या बायकोला, आणि ती बटाटे सोलता सोलता थांबून त्याच्याकडे बघत राहिली होती. त्याला वाटलं होतं, तिला समजलं नाही.

आता करवतीपाशी उभं राहून त्याला ते बघणं आठवलं, आणि मग यादीतली एकेक वस्तू उलटी होऊन त्याच्या अंगावर यायला लागली. माइक बदलायचा होता, कारण मावशीच्या आवाजाची धार त्यात येत नव्हती. आतिऊ बेटाचे जुने आठ गाणारे गावात उरले होते, सगळे सत्तरीच्या पुढचे. ते गेले की ते गाणं संपलं, म्हणून तुनुईने त्यांना दर शनिवारी गॅरेजात बसवून रेकॉर्ड करायला घेतलं. खाली पुरुषांचा हुंकार, मध्ये बायकांचे आवाज, आणि सगळ्यांच्या वर एकाच बाईचा चढा, नाकातला, सुरीसारखा सूर. त्याला पेरेपेरे म्हणतात. तो सूर वर नसला तर खालचे सगळे नुसते कण्हत बसल्यासारखे वाटतात. पेरेपेरे धरणारी गावात एकच होती, तेपाएरू मावशी. त्याच्या आईची धाकटी बहीण. आई बेटावरच राहिली आणि बाप मिलमध्ये कामाला आला, तेव्हा सहा वर्षांच्या तुनुईला सोबत घेऊन हीच आली आणि हिनेच वाढवलं. तिचा सूर त्याच्या कानात इतका लहानपणापासून होता की पहिल्यांदा हेडफोनमध्ये ऐकल्यावर तो दचकला. सूर होता, पण पडद्याआडून यावा तसा. "मावशी, धार येत नाहीये," तो म्हणाला होता, "जरा वर घे ना." तिने घेतला. "अजून." तिने अजून घेतला. ऐंशीची बाई, गळ्याच्या शिरा ताणून, एकेक ओळ आठ-आठ वेळा. पेटीवरचे दिवे हिरव्यावरून पिवळ्यावर आणि पिवळ्यावरून लालवर गेले, म्हणजे आवाज भिडतोय असं पेटी सांगत होती, आणि तुनुई म्हणत होता, ही पेटी खोटं बोलते. म्हणून पेटी यादीत. मग त्याला वाटलं भिंती आवाज खातात, म्हणून भिंती. मग स्पीकर मंद आहेत, म्हणून स्पीकर. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. याने अंगणाच्या चारही बाजू वाकड्या म्हणून लिहून ठेवल्या होत्या, सुवाच्य अक्षरात.

आणि तो समारंभ. चर्चला पन्नास वर्षं झाली तेव्हा हॉलमध्ये जेवणाआधी तुनुईचं रेकॉर्डिंग लावलं होतं. टेबलांवर तारोचे उकडलेले कंद, कच्चे मासे, बीट घातलेलं गुलाबी बटाट्याचं सॅलड, सगळं मांडलेलं. त्याने घरी बसून कॉम्प्युटरवर मावशीच्या सुराचा वरचा भाग वाढवला होता, वाढवत वाढवत नेला होता, धार येईपर्यंत. हॉलमध्ये तो सूर आला आणि तुनुईला वाटलं, आली. आली एकदाची. लहानपणची मावशी आली. तो एकटाच हसत होता. पोरांनी कानांवर हात ठेवले होते. एक तान्हं रडायला लागलं. कुणीतरी उठून स्पीकरच्या वायरी हलवून बघितल्या. तेव्हा मावशीच मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "म्हातारीचा आवाज फाटला गं बायांनो. आता मी आपली गप्प बसते." सगळे हसले. पुढच्या रविवारी ती पहिल्या बाकावरून उठून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली, आणि त्याला आता वर्ष होत आलं. तिने तोंड उघडलं नाही. बाकीचे सात जण गातात, पण वर कुणी नसतं. तुनुईला वर्षभर वाईट वाटत होतं ते मावशी म्हातारी झाली म्हणून. आपण तिच्या सुराची किंकाळी करून भर सभेत लावला, हे त्याला त्या बुधवारी करवतीच्या शेजारी उभं राहून कळलं. पातं गरम झालं होतं. शेजारच्याने हात हलवून दाखवलं तेव्हा त्याने मशीन बंद केली. तेही त्याला ऐकू आलं नव्हतं.

घरी आला तेव्हा चार वाजत होते आणि धुक्याने उजेड गेल्यातच जमा होता. आकाइती स्वयंपाकघरात होती. तो बाहेरच्या खोलीत चुलीपाशी, तिच्याकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून बसला. मुद्दाम. खिडकीत धुकं होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. तो कानोसा घेत राहिला. लाकडं जळत होती, त्यांचा आवाज येत होता की आपल्याला आठवत होता, तेही त्याला आता सांगता येईना. मग खांद्यावर हात आला. तो हात त्याच्या ओळखीचा होता, उबदार, जरा ओलसर. गेल्या काही वर्षांत आकाइतीला ही सवय लागली होती. पूर्वी ती घरभर हाका मारायची, तिच्या हाकांना शेजारचा कुत्रा उठून बसायचा. मग कधीतरी ती गप्प झाली आणि जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायला लागली, आणि तुनुईला वाटलं, बायकोला उतारवयात आपल्याविषयी काहीतरी वाटायला लागलंय. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण मिलमधून येताना कधी कधी तो त्या हाताचा विचार करायचा.

"चहा," आकाइती म्हणाली.

"हाक का मारली नाहीस?"

"मारली की."

"किती वेळा?"

ती कप हातात घेऊन उभी राहिली. "दोनदा," ती म्हणाली.

त्याने खिशातून कागद काढून तिच्या हातात दिला. तिने त्या रेघेकडे बघितलं आणि घडी घातली. ती म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते, असले कागद तिने खूप बघितलेले. आणि तिथेच, दोन वर्षांपूर्वी तो तिला आणायला गेला होता तेव्हा, त्याने बघितलं होतं: एका खुर्चीतल्या आजोबांच्या मागून जाऊन तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाकून, खालच्या जाड आवाजात, कानाशी काहीतरी सांगितलं. तेव्हा त्याला बायकोचं कौतुक वाटलं होतं. हाच हात होता तो. त्याला एकदम इतकं ओशाळं वाटलं की त्याने खांदा जरासा बाजूला घेतला.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"थोरल्या लेकीच्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलू? गॅरेजातून बाहेर यायचास तेव्हा तुझा चेहरा बघितला आहेस कधी? पंचवीस वर्षांत मिलमधून येताना तसा चेहरा नाही बघितला मी. तोही काढून घेऊ?" ती खाली बसली. "मोटारीत तुझी गाणी लावली की मी ते वरच्या सुरांचं बटण कमी करायचे. तू म्हणायचास, आवाज का बारीक करतेस. मी म्हणायचे, डोकं दुखतंय."

"माझं जाऊ दे. मावशीचं काय? तिला वाटतंय तिचा आवाज गेला. वर्षभर ती बाई दाराशी बसते, आकाइती. तिला तरी सांगायचंस."

आकाइती चहाच्या कपाकडे बघत राहिली. ती काहीतरी बोलली, पण खाली बघून बोलली, आणि ते त्याच्यापर्यंत आलं नाही. त्याला म्हणावं लागलं, वर बघून बोल. हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं, आणि ते दोघांनाही लागलं.

"मावशीला तसलं काही वाटत नाही," ती वर बघून म्हणाली. "तिनेच सांगितलं मला. त्या दिवशी, हॉलमध्ये भांडी घासताना. म्हणाली, पोराचा कान गेलाय, त्याच्या बापाचा गेला तसाच. लोक विचारतील हे इतकं कर्कश कसं झालं, त्यापेक्षा माझा आवाज फाटला म्हटलेलं बरं. ऐंशीची बाई मी, कोण शंका घेणार?"

"आणि तू हो म्हणालीस."

"मी भांडी घासत होते," आकाइती म्हणाली.

यावर भांडण व्हायला हवं होतं. तुनुईने मनात दोन-तीन वाक्यं जुळवलीसुद्धा. पण त्याच्या डोळ्यांपुढे बाप येऊन बसला. बापही मिलमध्ये होता, बापही मागच्या बाकावर हुंकार द्यायचा, आणि एका वर्षी तो हुंकार सगळ्यांच्या नंतर यायला लागला. तेव्हा त्याला चर्चबाहेर नेऊन कुणीतरी सांगितलं होतं. त्यानंतर बाप गायला आला नाही. मग नुसता बसायलाही आला नाही. शेवटची सहा-सात वर्षं तो घरात सगळ्यांकडे बघून हसायचा, काहीही बोला, हसायचा, आणि पोरगा असून तुनुईला त्या हसण्याची चीड यायची. म्हातारा लक्षच देत नाही, असं वाटायचं. समारंभात आपणही तसेच हसत होतो की काय? हॉलमध्ये शंभर माणसं कान झाकून बसलेली, आणि मध्ये हा, बापासारखा. चहा गार झाला. आकाइतीने तो परत गरम करून आणला आणि या वेळी समोरून आणून ठेवला, खांद्याला हात न लावता. ते त्याला जास्तच एकटं वाटलं.

शुक्रवारी ऑफिसातली बाई म्हणाली, "काय तुनुई, ठरलं का? आज शेवटचा दिवस." तो म्हणाला, सोमवारपर्यंत थांबा. "अरे, बायको निवडायला तरी एवढा वेळ लावला होतास का?" ती म्हणाली, आणि सगळे हसले, आणि तोही हसला. मग हसू मध्येच आवरून त्याने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं, आपण बरोबर ठिकाणी हसलो ना म्हणून. हे आता असं होणार होतं.

शनिवारी दुपारी त्याने मावशीला गाडीतून आणलं. एकटीलाच. लोकरीची टोपी, काठी, हातात केकचा डबा. ती गॅरेजात आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली आणि तिने भिंतीवरच्या गोधड्यांकडे एकदा नजर टाकली, घरची माणसं मोजावीत तशी. आकाइती दार लावून मागे उभी राहिली. तुनुईने रात्रंदिवस जुळवलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"मावशी, माझा कान गेलाय," तो म्हणाला. "कागद आलाय."

"हो का," मावशी म्हणाली. तिने चष्मा काढून टोपीला पुसला. मग त्याच्याकडे तोंड करून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. ती वर्षभर त्याच्याशी अशीच बोलत होती, आणि तो समजत होता की म्हातारपणाने जीभ जड झाली. "तुझ्या बापाला कागद नव्हता आला, बाळा. त्याला मी सांगितलं होतं. चर्चबाहेर नेऊन, मीच. म्हटलं, खरं ते सांगावं, शहाणा माणूस आहे. पुढे काय झालं ते बघितलंस तू. तेव्हाच कानाला खडा लावला. पुन्हा कुणाला सांगणार नाही."

"मग माझ्यासाठी तू गाणं सोडलंस?"

"सोडलं कसलं. पाय दुखतात. दाराजवळ बरं पडतं."

"उद्या पुढे बसायचं," तुनुई म्हणाला. त्याचा आवाज वाढला होता, त्याला कळत नव्हतं. "उद्या मी उठून सगळ्यांना सांगणार, आवाज तिचा फाटला नव्हता, कान माझा फाटला होता. आणि तू पुढे बसून म्हणायचंस."

मावशीने आकाइतीकडे बघितलं. "आज घसा बसलाय," ती म्हणाली.

"थोडंसं. एकच ओळ. मावशी, एकच."

असा हट्ट त्याने सहाव्या वर्षानंतर केला नसेल. मावशीने केकचा डबा खाली ठेवला. काठी मांडीवर आडवी घेतली. तुनुईने हेडफोन घातले, माइक तिच्या तोंडापाशी नेला, तिथेच, जिथे तो नेहमी असायचा. पेटीचं बटण जिथे नेहमी असायचं तिथेच ठेवलं. आकाइतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याने तो राहू दिला. मावशीची हनुवटी वर गेली.

त्याने ऐकलं. पडद्याआडचा सूर. तोच, तसाच, धार नसलेला, लांबचा. वर्षापूर्वी याच खुर्चीतून आला होता तसाच. काही बिघडलेलं नाही. आहे तशी आहे. मग त्याची नजर पेटीकडे गेली. एक हिरवा दिवा लागला होता. दुसरा लागायचा आणि विझायचा. मावशीच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या, तोंड पूर्ण उघडलेलं दिसत होतं, हनुवटी थरथरत होती, आणि तो दुसरा दिवा लागत होता, विझत होता. पिवळ्यापर्यंत काहीच गेलं नाही. लाल तर लांबच राहिला. वर्षभर न वापरलेला गळा, एक्याऐंशीचा. तुनुई त्या दिव्यांकडे बघत राहिला. ही पेटी खोटं बोलते म्हणून त्याने ती यादीत घातली होती. ती एकदाही खोटं बोलली नव्हती.

मावशी थांबली. तिला स्वतःला ऐकू येत होतं, तिचे कान शाबूत होते. ती माइककडेच बघत होती.

तुनुईने मान वळवून आकाइतीकडे बघितलं. "कशी?" त्याने विचारलं.

"तशीच," आकाइती खालच्या जाड आवाजात, त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "तशीच आहे अगदी."

तिचा हात खांद्यावर होता. त्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि विश्वास ठेवता येत नव्हता, आणि इथून पुढे मावशीचाच काय, कुठलाच सूर त्याच्यापर्यंत या हातावाचून यायचा नव्हता. "पोचला, मावशी," तो म्हणाला. "धार आहे. पहिल्यासारखी." मावशीने मान हलवली. पोराने परीक्षेचे मार्क खोटे सांगितले की ती पूर्वी अशीच मान हलवायची.

ती काठी टेकून उठली. भिंतीपाशी गेली, स्वतःसाठी शिवलेल्या निळ्या गोधडीपुढे उभी राहिली, आणि तिच्यावरून तळहात फिरवला. पाठमोरी असतानाच काहीतरी बोलली. चार-पाच शब्द असावेत. टोपी हललेली त्याला दिसली, बाकी काही नाही.

"काय म्हणाली?" त्याने आकाइतीला विचारलं.

खांद्यावरचा हात जरा दाबला गेला. "म्हणाली, उद्या पुढच्या बाकावर बसते."

मावशी गोधडीचा वरचा कोपरा खिळ्यावरून सोडवत होती. तो सुटला, तेव्हा तिने शेजारच्या खिळ्याला हात घातला. तुनुईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि दुसरं टोक धरायला गेला, जमिनीला लागू नये म्हणून. दोघांनी मिळून तिची चौघडी केली. मागची भिंत उघडी पडली, नुसत्या पत्र्याची, गार. सोमवारी ऑफिसात काय सांगायचं ते आता ठरून गेलं होतं: भिंती.